खिडकीत नाही ते नाही



मागच्या वेळचं आकाशकंदिलाच्या कागदाचं गणित पुष्कळ जणांनी सोडवून पाठवलंत. शाब्बास! त्या पत्रांबद्दल पुढच्या वेळी बोलू. आज मध्येच एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. ती आमच्या वर्गात घडली आणि मला वाटतं, तुमच्यापैकी काहींच्या घरीही घडली असेल. सांगितली नसेल, इतकंच.

सहामाही परीक्षेच्या आधीचा सोमवार होता. मधल्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसलेले. एकाचा डबा मात्र तसाच बंद. हा मुलगा म्हणजे आमच्या पाचवीतला वल्ली. शेजाऱ्याच्या डब्यातली भेंडी पळवणारा. त्याचाच डबा बंद, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं खास. (त्याचं नाव मी सांगणार नाही. तसा शब्दच दिलाय मी त्याला. ही गोष्ट छापायची परवानगी मात्र त्यानं आणि त्याच्या आईनं दिली आहे.)

पोट दुखतंय का, विचारलं. नाही. आई रागावली का? नाही. मग एकदम रडायलाच लागला. "बाई, माझा युनिकॉर्न गेला."

आता तुमच्यातले निम्मे म्हणतील, हां, 'अ‍ॅडॉप्ट मी'! आणि निम्म्यांचे आईबाबा म्हणतील, हे काय नवीन? तर आईबाबांसाठी थोडक्यात सांगते. रोब्लॉक्स नावाचं एक खेळांचं मोठं आवार आहे, २००६ पासून चालू असलेलं. त्यात लोकांनी बनवलेले असंख्य खेळ आहेत. 'अ‍ॅडॉप्ट मी' हा त्यातलाच एक, २०१७ मध्ये आलेला. त्यात अंडी मिळतात, अंड्यातून प्राणी निघतात. त्यांना खाऊ घालायचं, झोपवायचं, अंघोळ घालायची, मग ते हळूहळू मोठे होतात. एकाच जातीचे चार प्राणी पूर्ण मोठे केले, की चौघांचा मिळून एक चमकणारा प्राणी होतो. त्याला 'निऑन' म्हणतात. आमच्या वल्लीनं चार युनिकॉर्न जमवून, वाढवून, एक निऑन केला होता. किती दिवस लागले, असं मी विचारलं. "उन्हाळ्याच्या सुट्टीपासून," म्हणाला.

म्हणजे पाच महिने! मी पण आधी तुमच्या आजीसारखंच म्हणणार होते, "अरे, पडद्यावरचं चित्र ते, त्यात रडायचं काय!" बरं झालं, म्हटलं नाही. पाच महिने रोज थोडं थोडं करून जे उभं केलं ते गेलं, तर ते चित्र असो नाहीतर अंगणातला किल्ला असो, दुःख सारखंच होतं.

कसा गेला, ते नीट ऐका. कारण युक्ती फार जुनी आहे.

या खेळात आपले प्राणी एकमेकांशी बदलता येतात. पडद्यावर एक खिडकी उघडते. एका बाजूला तुम्ही ठेवलेल्या वस्तू, दुसऱ्या बाजूला समोरच्याच्या. दोघांनी 'मान्य' म्हटलं की खेळ पुन्हा एकदा दोन्ही बाजू दाखवतो आणि विचारतो, नक्की ना? दोघांनी पुन्हा 'हो' म्हटलं, तरच वस्तू हलतात. चांगली सोय आहे. आणि ती अनुभवातून आलेली आहे, बरं का.

वल्ली कुणीतरी चालवलेल्या अदलाबदलीच्या एका ग्रुपवर होता, आईच्या फोनवरून. तिथे एक 'दादा' भेटला. या दादानं पहिल्याच दिवशी त्याला एक अंडं फुकट दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या युनिकॉर्नचं कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "माझ्याकडे फ्रॉस्ट ड्रॅगन आहे आणि शिवाय ढीगभर सामान आहे. सगळं तुला देतो. पण एवढं सगळं खिडकीत मावणार नाही. आपण दोन खेपा करू. पहिल्या खेपेत तू युनिकॉर्न दे, मी बारीकसारीक सामान देतो. दुसऱ्या खेपेत ड्रॅगन. चल लवकर, मला क्लासला जायचंय."

पहिली खेप झाली. दुसरी कधी झालीच नाही. दादा खेळातून गेला, ग्रुपमधून गेला आणि याचा नंबर बंद करून बसला.

गंमत अशी, की असे मौल्यवान प्राणी बदलायला त्या खेळात एक परवाना काढावा लागतो. त्यासाठी छोटीशी परीक्षा असते आणि तिच्यात हेच विचारतात, फसवणूक कशी ओळखाल? आमचे चिरंजीव ती परीक्षा पास झालेले होते. मी म्हटलं, "अरे, मग?" तर म्हणाला, "बाई, परीक्षेत तो माणूस वाईट होता. हा चांगला होता."

हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं असतं, इतकं ते खरं आहे. फसवणारा माणूस शिंगं लावून येत नाही. तो खाऊ घेऊन येतो. फुकटचं अंडं हा त्या दादाचा खर्च नव्हताच, ती त्याची गळाला लावलेली गांडुळं होती. आणि घाई? कधी बाजारात भाजी घेताना बघा. ज्याला आपला माल नीट विकायचा असतो तो म्हणतो, "बघा ताई, हातात घेऊन बघा." "लवकर उचला, लवकर," असं म्हणणाऱ्याच्या टोपलीत खालचे टोमॅटो कसे असतात, ते आईला विचारा.

म्हणून मी त्या दिवशी वर्गाला एकच सांगितलं. जे खिडकीत नाही ते नाही. समोरचा म्हणेल, मग देतो, दुसऱ्या खेळात देतो, रोबक्स पाठवतो, माझा भाऊ देईल. खिडकीत दिसतंय का? नाही ना? मग ते जगातच नाही. ज्याच्याकडे खरोखर ड्रॅगन आहे आणि ज्याला खरोखर बदलायचा आहे, तो ड्रॅगन पहिल्याच खेपेत तुमच्या युनिकॉर्नसमोर ठेवेल, आणि जे मावलं नाही ते बारीकसारीक सामान मागे राहू देईल. 'महत्त्वाचं नंतर' असं म्हणणाऱ्याचं नंतर कधी येत नाही.

खिडकीत जे आहे तेही दोनदा बघायचं. शेवटच्या क्षणी प्राणी काढून तसाच दिसणारा साधा प्राणी ठेवणं, ही दुसरी जुनी युक्ती. चमकणारा होता, आता चमकत नाही. चित्र तेच, किंमत वेगळी. थोरल्या भावंडांच्या 'काउंटर स्ट्राइक' या खेळातही हेच चालतं. तिथे बंदुकांची रंगरूपं विकली-बदलली जातात, आणि एकाच नावाची बंदूक कोरीकरकरीतही असते, घासून पांढरी झालेलीही असते. नाव वाचून 'हो' म्हणणारा फसतो. घासली किती, ते वाचणारा वाचतो.

आता जरा आजोबांच्या जमान्यातली गोष्ट. म्हणजे इंटरनेटच्या हिशेबानं आजोबांच्या! 'रुनस्केप' नावाचा खेळ २००१ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. त्यात लोखंडी, पोलादी चिलखतं असतात आणि काहींच्या कडेला सोनेरी नक्षी असते. नक्षीवाली चिलखतं दुर्मिळ. मग काही वस्ताद नवख्यांना म्हणायचे, "आण तुझं चिलखत, मी फुकट सोनेरी किनार लावून देतो." नवखा चिलखत द्यायचा आणि वस्ताद पसार! खरं तर खेळाडूला अशी किनार लावताच येत नव्हती. ती चिलखतं खजिन्याच्या शोधातच मिळायची. म्हणजे ज्याला खेळाचे नियम ठाऊक, त्याला त्या वस्तादाचं हसूच आलं असतं. पुढे याच खेळात बनवणाऱ्यांनी २००८ च्या सुरुवातीला मोकळी अदलाबदलच बंद करून टाकली होती. खेळातलं सोनं खऱ्या पैशांना विकणाऱ्यांचा फार सुळसुळाट झाला होता, म्हणून. लोक इतके नाराज झाले, की २०११ मध्ये मत घेऊन ती पुन्हा सुरू करावी लागली. माणसांना अदलाबदल फार आवडते, हे खरं.

मलाही आवडायची. आमच्या लहानपणी वेफर्सच्या पुडक्यात टॅझो निघायचे. प्लॅस्टिकच्या गोल चकत्या, त्यावर कार्टूनची चित्रं. माझ्याकडे शंभरावर होते. आणि आता सांगतेच. शेजारची एक धाकटी मुलगी होती, बालवाडीतली. तिच्याकडे एक चमकणारा टॅझो होता, तसा सगळ्या गल्लीत कुणाकडे नव्हता. मी तिला म्हटलं, "ज्याचा नंबर मोठा तो भारी असतो. तुझा नंबर लहान आहे. हे घे माझे दोन, मोठ्या नंबरचे." ती खूश होऊन गेली. चार दिवसांनी तिला कुणीतरी सांगितलं. ती आली नाही भांडायला. नुसती माझ्याकडे बघायची येता-जाता. तो टॅझो मी तिला परत द्यायला हवा होता. दिला नाही. आम्ही ते घर सोडलं तेव्हा तो माझ्याच डब्यात होता.

हे मी का सांगते? कारण वल्लीनं मला पुढे हळूच विचारलं होतं, "बाई, आता मी पण कुणालातरी तसंच केलं तर? मला शिकवलंच आहे ना त्यानं." मी त्याला टॅझोची गोष्ट सांगितली. तो गप्प बसला. बाई असं करतात, हे त्याला पचायला जरा वेळ लागला असावा.

पण थांबा. अजून अर्धी गोष्ट राहिली आहे, आणि ती जास्त वाईट आहे.

युनिकॉर्न गेला तो शनिवारी रात्री. रविवारी सकाळी वल्लीनं एका व्हिडिओखाली लिहिलं, "माझा निऑन युनिकॉर्न फसवून नेला, कुणी मदत करा." तासाभरात उत्तर आलं. "मी कंपनीत आहे. तुझी वस्तू परत आणून देतो. तीनशे रुपये फी." सोबत काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं चित्र, क्यूआर कोड. आईचा फोन, आईचा पिन पाठ. त्यानं तीनशे पाठवले. मग निरोप आला, "बाराशे डिपॉझिट भर, ते युनिकॉर्नबरोबर परत मिळेल." त्यानं तेही पाठवले. मग तोही बंद.

पंधराशे रुपये. वल्लीची आई साड्यांना फॉल-पिको करते. ते तिचे भिशीचे पैसे होते, बुधवारी भरायचे होते. डबा बंद होता तो युनिकॉर्नसाठी कमी आणि बुधवारसाठी जास्त.

दोस्तांनो, इथे जरा थांबून विचार करा. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा सर्वांत लवकर फसतो, कारण त्याला गेलेलं परत हवं असतं. हे लोक तशी माणसं शोधतच असतात. "माझं गेलं" असं चारचौघांत लिहिलं, की यांना घरबसल्या पत्ता मिळतो. खेळ चालवणारी माणसं कधी व्हिडिओखाली उत्तर देऊन फी मागत नाहीत. ती तुमचा पासवर्डही मागत नाहीत, आलेला ओटीपीही मागत नाहीत. वस्तू परत देणं त्यांच्या हातात असेल तर ती फुकट देतील, नसेल तर नाही म्हणतील.

आणि पिनचं एक कायमचं लक्षात ठेवा. यूपीआयचा पिन घालायचा तो पैसे पाठवताना. पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही, कोड स्कॅनही करावा लागत नाही. कुणी म्हणालं, "तुझा प्राणी मी दोन हजारांना घेतो, पैसे मिळवायला हा कोड स्कॅन कर आणि पिन टाक," तर पैसे येणार नाहीत, जातील. शिवाय खेळातल्या वस्तू बाहेर खऱ्या पैशांना विकणं हे रोब्लॉक्सच्या नियमातच बसत नाही. त्यासाठी तुमचं खातं बंद होऊ शकतं.

तुमच्यातले पुष्कळ जण 'फ्री फायर मॅक्स' खेळता, मला माहीत आहे. कागदी विमानावरसुद्धा त्याचंच नाव असतं. त्यात तर खेळाडूंनी आपापसांत वस्तू बदलायची सोयच नाही. मग "माझी आयडी विकत घे, सगळे ड्रेस आहेत," असं म्हणणारे येतात. अशी आयडी घेतली तरी ती ज्या मेलला किंवा खात्याला जोडलेली आहे ते विकणाऱ्याकडेच असतं. पैसे घेऊन तो चार दिवसांत तीच आयडी परत ओढून घेतो आणि पुन्हा दुसऱ्याला विकतो. एकच म्हैस चार जणांना विकण्यासारखं झालं हे! डायमंड घ्यायचे तर अधिकृत ठिकाणी खेळाडूचा आकडी आयडी पुरतो. पासवर्ड कशाला हवा? 'फुकट डायमंड', 'फुकट रोबक्स' देणारी ठिकाणं तर सरळ पासवर्ड गोळा करण्याची दुकानं आहेत. तिथे दुसरं काही मिळत नाही.

स्टीमवर वस्तू बदलणाऱ्या दादा-तायांनी फोनवरचं स्टीम गार्ड लावून ठेवावं. ते नसेल तर बदललेली वस्तू १५ दिवसांपर्यंत अडकून राहते. खोट्या पानावर नाव-पासवर्ड टाकला, तर चोर तुमचा खरा व्यवहार रद्द करून, तुमच्या मित्राचंच नाव आणि फोटो लावून, दुसरा व्यवहार पुढे करतो. तुम्ही मित्र समजून 'हो' म्हणता. म्हणून फोनवर शेवटचा होकार देण्याआधी समोरच्याचं खातं किती जुनं आहे ते बघायचं. जुलै २०२५ पासून काउंटर स्ट्राइकच्या वस्तूंचे व्यवहार सात दिवसांच्या आत उलटवता येतात, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

हं, तर वल्ली. शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर घरी गेले. वाटेत तो इतका हळू चालत होता, की मी दोनदा थांबले. दारात पोचल्यावर म्हणाला, "बाई, तुम्ही सांगा." मी म्हटलं, "मी शेजारी उभी राहते, सांगायचं तू." त्यानं सांगितलं. सगळं. पिन पाठ आहे, हेसुद्धा.

आई आधी काहीच बोलली नाही. हातातली साडी बाजूला ठेवली. मग भडकली, आणि तिनं भडकायलाच हवं होतं. पण मारलं नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कालच का नाही बोललास?" तो म्हणाला, "तू रडली असतीस." त्यावर मात्र ती खरंच रडली.

आईबाबांनो, दोन दिवस मूल जे पोटात घेऊन फिरतं ना, ते दोन दिवसच चोराला हवे असतात. पैसे गेल्यावर १९३० या नंबरवर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी ते पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. पैसे एकदा तिथून काढले गेले, की हात चोळत बसायचं. फोन कुठूनही करता येतो, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी ठिकाणी तक्रारही लिहिता येते. आम्ही त्या संध्याकाळी तिथूनच फोन केला. त्यांनी तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा लांबलचक क्रमांक विचारला. तो क्रमांक पैसे पाठवल्याच्या नोंदीत असतो. वल्लीनं भीतीनं त्या माणसाचे निरोप पुसून टाकले होते. तसं करू नका. लाज वाटली तरी ठेवा, त्याच निरोपांचा पुढे पुरावा होतो. दादाची तक्रार आम्ही खेळातूनच केली. तिथे झालेल्या अदलाबदलींची यादी राहते.

मग आईनं पिन बदलला. नवा पिन टाकताना वल्ली आपण होऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिशीचं तिनं कसं जमवलं, ते मी विचारलं नाही.

पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. बाराशे रुपये समोरच्या खात्यात अडवले गेले आहेत, असं कळलं. हातात अजून आलेले नाहीत. त्याची कागदपत्रं चालू आहेत. तीनशे गेले. युनिकॉर्नही गेला.

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत वल्ली माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, मी साध्या कुत्र्यांपासून सुरुवात केली आहे. दोन मोठे झाले." आता तो रविवारी तासभरच खेळतो, आईच्या शेजारी बसून. ती फॉल लावते आणि मध्येच विचारते, "काय रे, खिडकीत काय काय आहे?" तो वाचून दाखवतो. परवा कुणीतरी एका कुत्र्यासाठी तीन मांजरं द्यायला तयार होतं. आई म्हणाली, "तीन मांजरं सांभाळणार कोण?" झालं, व्यवहार मोडला.

डबा आता उघडा असतो. शेजाऱ्याच्या भेंडीवर पुन्हा संकट आलं आहे.

पुढच्या वेळी आकाशकंदिलाची उत्तरं, नक्की!

तुमच्या,
बाई